पांढरा कोंबडा आणि काळा बिबट्या

अलाबामा राज्यात सेल्मा आणि माँटगोमेरी यांच्या मधोमध लाउन्स नावाची काउंटी आहे. कापसाची जमीन, आणि साठच्या दशकात ती जवळपास सगळी मोजक्या गोऱ्या कुटुंबांच्या नावावर होती. १९६५ साल उजाडलं तेव्हा इथल्या दर पाच माणसांतली चार कृष्णवर्णीय होती, पण मतदार यादीत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं. गोऱ्यांची नावं मात्र इतकी होती, की मतदानाच्या वयाचे तेवढे गोरे अख्ख्या काउंटीत राहतच नव्हते. गाव सोडून गेलेले आणि जग सोडून गेलेलेही त्या यादीत सुखाने नांदत असणार.

अलाबामात मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचं चिन्ह छापावं लागे. लिहिता-वाचता न येणारा मतदार नाव वाचू शकत नाही, चित्र ओळखतो. बैलजोडी, झोपडी आणि विळा-कणीस पाहत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्या कोंबड्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा अनेक दशकं चक्क मतपत्रिकेवर छापली जात होती. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाला उद्या मतदानाचा हक्क मिळालाच, तरी शिक्का मारायचा तो या कोंबड्यावर.

'स्निक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते १९६५च्या मार्चमध्ये लाउन्समध्ये शिरले. त्यांचा म्होरक्या होता स्टोकली कारमायकेल, जन्माने त्रिनिदादचा, वय तेवीस. गावातला जॉन ह्यूलेट आणि त्याच्यासारखे काही जण आधीच नावनोंदणीसाठी धडपडत होते. डेमोक्रॅटिक पक्षात शिरून उमेदवारी मागावी, तर पक्षाने उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशेवर नेली. मग लोकांनी स्वतःचाच पक्ष काढला, 'लाउन्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन'. पक्ष आला म्हणजे चिन्हही आलं. रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीने आधी कबूतर सुचवलं. ते कुणालाच पटलं नाही. लाउन्समध्ये शांततेचं कबूतर घेऊन फिरणं म्हणजे थट्टाच होती. मग अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं मानचिन्ह तिला आठवलं. झेप घेण्याच्या पवित्र्यातला काळा बिबट्या. कोंबड्याचं काय करायचं हे बिबट्याला शिकवावं लागत नाही. पक्षाचं लांबलचक नाव वर्तमानपत्रांनी बाजूला टाकलं आणि सरळ 'ब्लॅक पँथर पार्टी' लिहायला सुरुवात केली.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की ब्लॅक पँथर म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती कातडी जाकिटं, काळ्या तिरप्या टोप्या आणि बंदुका. बिबट्या मात्र जन्मला मतपत्रिकेवर, अंगठा उठवणाऱ्या शेतमजुरांसाठी. बंदूक तिथेही होतीच. नाव नोंदवलं म्हणून जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा ती कुटुंबं महामार्गालगत तंबू ठोकून राहिली आणि रात्री त्या तंबूंवर गोळ्या येत. घरोघरची शिकारीची बंदूक दाराशी टेकवलेली असे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला स्वसंरक्षण हे तत्त्वज्ञान म्हणून शिकावं लागलं नाही, ते त्याच्या रोजच्या झोपेचा भाग होतं. नोव्हेंबर १९६६च्या निवडणुकीत बिबट्याचे सगळे उमेदवार पडले.

त्याच्या काही आठवडेच आधी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, दोन तरुणांनी आपल्या नव्या पक्षासाठी तो बिबट्या उसना घेतला होता.

ओकलंड हे बंदराचं शहर. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जहाजबांधणीच्या गोद्यांना माणसं हवी होती, आणि लुइझियाना, टेक्सास, अर्कान्सामधून कृष्णवर्णीय कुटुंबं रेल्वे भरभरून आली. १९४० साली शहरात साडेआठ हजारांच्या आसपास असलेली त्यांची वस्ती दहा वर्षांत सत्तेचाळीस हजारांवर गेली. युद्ध संपलं, गोद्यांमधलं काम आटलं, पण माणसं तिथेच राहिली. त्यांची मुलं धड दक्षिणेची नव्हती, धड कॅलिफोर्नियाची नव्हती. दक्षिणेत भेदभाव पाटीवर लिहिलेला असे. इथे तो पाटीवर नव्हता. तो भाड्याच्या घरात, शाळेच्या वर्गात आणि पोलिसांच्या गाडीत होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ पाट्या उतरवण्यात यशस्वी होत होती. जिथे पाट्याच नाहीत तिथे काय उतरवायचं, या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी तेव्हा नव्हतं.

बिबट्या उसना घेणाऱ्या दोघांतला ह्युई न्यूटन याच मुलांपैकी. १९४२ साली लुइझियानातल्या मन्रो गावी जन्मलेला, सात भावंडांतला धाकटा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. मुलाचं नाव त्यांनी ठेवलं ते राज्याचे गाजलेले गव्हर्नर ह्युई लाँग यांच्यावरून. ओकलंडच्या शाळेने त्याला शेवटचं प्रमाणपत्र दिलं तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. तो वाचायला शिकला प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर, शब्दकोश शेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा तेच पान काढून. पुढे मेरिट कॉलेजात त्याने कायद्याचे तास घेतले. चोऱ्या अधिक सफाईने करता याव्यात हाही त्यामागचा एक हेतू होता, असं आत्मचरित्रात त्याने संकोच न करता लिहिलं. दुसरा बॉबी सील, त्याच्याहून सव्वापाच वर्षांनी मोठा, टेक्सासमधल्या डॅलसचा, हवाई दलातून अधिकाऱ्याशी भांडून हाकललेला, पत्र्याच्या कामात तरबेज, नकला करण्यात पटाईत. दोघांची गाठ मेरिट कॉलेजच्या परिसरातल्या वादविवादांत पडली. तिथे डोनाल्ड वॉर्डन नावाच्या वकिलाने चालवलेलं एक अभ्यासमंडळ होतं. आफ्रिकेचा इतिहास, कृष्णवर्णीयांचा आत्मसन्मान यांवर तिथे गरमागरम चर्चा होत. ह्युई तिथे रमला, आणि लवकरच कंटाळलाही. चर्चेतून बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरचा पोलीस तसाच उभा असे.

पँथरांचा विचार एखाद्या एका गुरूकडून आलेला नाही. ही सगळी उसनवारी होती, आणि उसनं आणलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी घरी आणून थोडं ठोकून-वाकवून घेतलं. बॉबी सीलने आपल्या मुलाचं नाव ठेवताना तीन नावं जोडली: मलिक, एन्क्रुमा, स्टॅगोली. मलिक म्हणजे माल्कम एक्स यांनी हजनंतर घेतलेलं नाव. एन्क्रुमा म्हणजे घाना देश स्वतंत्र करणारे नेते. आणि स्टॅगोली हा कृष्णवर्णीय लोकगीतांतला गुंड, दारूच्या गुत्त्यात टोपीवरून एकाला गोळी घालणारा. पक्षाची सगळी वैचारिक वंशावळ त्या एका पाळण्यात आहे.

माल्कम एक्स हे त्या वंशावळीचं खोड. फेब्रुवारी १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या ऑड्यूबन सभागृहात त्यांची हत्या झाली. त्याआधीच्या शेवटच्या वर्षात ते 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय मुसलमानांच्या संघटनेतून बाहेर पडले होते आणि कृष्णवर्णीयांचा प्रश्न नागरी हक्कांचा नसून मानवी हक्कांचा आहे, तो अमेरिकेच्या न्यायालयात नव्हे तर जगाच्या चव्हाट्यावर न्यायला हवा, असं सांगत फिरत होते. त्यांचे वडील मार्कस गार्वी यांचे अनुयायी. म्हणजे हा धागा थेट १९२०च्या दशकापर्यंत, आफ्रिकेकडे परत चला म्हणणाऱ्या त्या जमैकन नेत्यापर्यंत पोचतो. ह्युई आणि बॉबी स्वतःला माल्कमचे वारस समजत. पण त्यांनी धर्म घेतला नाही. नेशन ऑफ इस्लामकडून घेतला तो फक्त एक साचा. त्यांच्या वृत्तपत्रात 'मुसलमानांना काय हवं' आणि 'मुसलमान काय मानतात' अशा दोन याद्या छापून येत. पँथरांनी तो आराखडा जसाच्या तसा उचलला आणि आत वेगळा माल भरला.

दुसरं मूळ रॉबर्ट विल्यम्स. गंमत म्हणजे हेही मन्रोचेच, पण हे मन्रो नॉर्थ कॅरोलायनातलं. नागरी हक्कांच्या जुन्या, सभ्य संघटनेच्या तिथल्या शाखेचे ते प्रमुख. १९५७ साली कू क्लक्स क्लॅनच्या मोटारींचा ताफा एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरावर चालून आला, तेव्हा विल्यम्स आणि त्यांचे सहकारी वाळूच्या पोत्यांआडून उलट गोळीबार करायला बसले होते. ताफा परत गेला. पुढे त्यांना क्युबात परागंदा व्हावं लागलं. तिथून ते रेडिओवरून दक्षिणेतल्या लोकांशी बोलत. स्वसंरक्षणावरचं त्यांचं पुस्तक ओकलंडच्या त्या मंडळींत हातोहात फिरत होतं.

तिसरं मूळ सर्वांत खोल गेलं. फ्रान्झ फॅनन मार्टिनिक बेटावरचे मानसोपचारतज्ज्ञ. अल्जीरियाच्या इस्पितळात काम करताना फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात सामील झाले आणि १९६१च्या डिसेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचं शेवटचं पुस्तक बॉबी सीलने सहा वेळा वाचलं आणि मग ह्युईच्या हातात दिलं. त्यातल्या दोन गोष्टी या दोघांना भिडल्या. एक म्हणजे वसाहत समुद्रापलीकडेच असते असं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्या या देशाच्या पोटातल्या वसाहतीच आहेत, आणि तिथला पोलीस हा परक्या फौजेचा शिपाई आहे. पँथरांच्या लिखाणात पोलिसांना 'कब्जा करणारं सैन्य' म्हटलेलं आढळतं, त्याचा उगम इथे.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. मार्क्सने क्रांतीचा भार टाकला तो कारखान्यातल्या कामगारावर. भुरटे चोर, दलाल, वेश्या, बेकार, मवाली यांना त्याने 'लुंपेन' म्हणून बाजूला काढलं. हे लोक विकले जातात, त्यांचा भरवसा नाही. फॅनननी अल्जीरियात उलट पाहिलं. गावातून उखडलेली, शहराच्या कडेला फेकलेली हीच माणसं बंडाची ठिणगी ठरू शकतात, पण त्यांना संघटित केलं नाही तर सत्ताधारी त्यांना विकत घेतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. ओकलंडमध्ये बंद झालेल्या गोद्या आणि नाक्यावर उभी असलेली मुलं रोज पाहणाऱ्या ह्युईला यात आपला मोहल्ला दिसला. स्टॅगोलीला राजकारण शिकवलं तर माल्कम घडतो. माल्कम तरी तरुणपणी कोण होते? हे पक्षाचं सगळ्यात धाडसी गृहीतक. फॅननच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी छातीशी धरला. दुसऱ्या अर्ध्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, असं मला पुढचा इतिहास वाचताना वाटत राहतं.

माओचं लाल पुस्तक आलं ते मात्र धंद्याच्या वाटेने. बंदुकांना पैसे हवे होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी पुस्तकांच्या दुकानातून तीस सेंटला एक या दराने गठ्ठे आणायचे आणि बर्कलेच्या विद्यापीठाबाहेर एका डॉलरला विकायचे. क्रांतीचं नाव काढताच पाकीट उघडणारे विद्यार्थी तिथे मुबलक होते. आपण विकतो आहोत ते पुस्तक आपण सुरुवातीला वाचलंच नव्हतं, असं सील पुढे हसत सांगत असे. नंतर वाचलं, आणि पक्षाच्या शिकवणी वर्गात ते नेमलंही गेलं.

दहा कलमी जाहीरनामा लिहिला गेला तो ऑक्टोबर १९६६मध्ये, उत्तर ओकलंडच्या गरिबी निर्मूलन केंद्रात. सील तिथे नोकरीला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध पुकारलेल्या युद्धाच्या पैशावर ते केंद्र चाले. म्हणजे कागद सरकारी, कचेरी सरकारी, आणि तिथल्या कायद्याच्या पुस्तकांत नाक खुपसून बसलेला ह्युई. स्वातंत्र्य, रोजगार, घर, खरा इतिहास शिकवणारं शिक्षण, सैन्यभरतीतून सुटका, पोलिसी मारझोडीला आळा, आपल्या वस्तीतल्या माणसांची ज्यूरी अशा मागण्या. तिसऱ्या कलमात गुलामगिरी संपताना कबूल केलेल्या चाळीस एकर जमिनीची आणि दोन खेचरांची थकबाकी मागितलेली आहे. आणि जाहीरनाम्याचा शेवट होतो १७७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या घोषणापत्रातल्या लांब उताऱ्याने. तो उतारा लिहिणारे जेफरसन शेकडो गुलामांचे मालक होते. फॅनन आणि माओ वाचणाऱ्या तरुणांनी शेवटचा शब्द त्यांना द्यावा, यात कुणाला विसंगती दिसेल. मला त्यात कसलेला वकील दिसतो: प्रतिपक्षाच्याच सहीचा कागद पुढे करणारा.

पोलिसांवर पाळत ठेवण्याची कल्पनाही त्यांची स्वतःची नव्हती. ऑगस्ट १९६५मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळून चौतीस माणसं मेली, त्यानंतर तिथल्या लोकांनी पोलीस गाड्यांमागून फिरणारी गस्त सुरू केली होती. ह्युईने त्यात बंदूक मिळवली. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं कायदेशीर होतं. गाडीत मात्र लांब नळीच्या बंदुकीच्या कोठीत गोळी असता कामा नये. हा नियम शिकारीच्या कायद्यातला. ह्युईला तो पाठ. पोलीस एखाद्याला अडवत, तेव्हा पँथर योग्य अंतरावर उभे राहून त्याला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवत. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. छायाचित्रांत बंदूकच दिसली, कारण पुस्तक भीतिदायक दिसत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. एका रिपब्लिकन आमदाराने उघड बंदूक बाळगण्यावर बंदी घालणारं विधेयक आणलं. २ मे १९६७ रोजी तीस पँथर, त्यांत सहा स्त्रिया, सॅक्रामेंटोच्या विधान भवनात बंदुकांसह शिरले आणि एका दिवसात देशभर माहीत झाले. विधेयक अर्थातच मंजूर झालं. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि पाठिंबा होता राष्ट्रीय रायफल संघटनेचा! बंदुकीच्या हक्कासाठी आज प्राण पणाला लावणाऱ्या मंडळींना ही आठवण सहसा नकोशी असते.

ऑक्टोबर १९६७च्या अखेरीस पहाटे पोलिसांशी झालेल्या चकमकीत जॉन फ्रे हा पोलीस ठार झाला आणि ह्युई पोटात गोळी घेऊन तुरुंगात गेला. 'फ्री ह्युई' ही मोहीम देशभर पसरली. वेताच्या उंच खुर्चीत एका हाती भाला आणि दुसऱ्या हाती बंदूक घेऊन बसलेल्या ह्युईचं चित्र भिंतीभिंतीवर लागलं. पक्ष वाढला तो नेता आत असताना, आणि देवघरातल्या तसबिरीसारखा झालेला नेता बाहेर आला की काय होतं, हे नंतर दिसलं.

या काळातलं माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम बंदुकीशिवायचं आहे. जानेवारी १९६९मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पँथरांनी शाळेत जाणाऱ्या मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. पाद्री होते फादर अर्ल नील. अंडी, मक्याची लापशी, दूध, पाव. किराणा दुकानांतून सामान मागून आणायचं, पहाटे उठून शिजवायचं, आठच्या आत मुलांना शाळेत पोचवायचं. कातडी जाकीट घालून माओ पाठ करायला आलेल्या तरुणांना भांडी घासायला लागली. हा कार्यक्रम शहराशहरांत गेला आणि वर्ष सरेपर्यंत वीस हजार मुलांच्या पोटात नाश्ता गेल्याचं पक्ष सांगत होता. उपाशी मूल फळ्यावरचं वाचू शकत नाही, हे समजायला क्रांतिशास्त्र लागत नाही. पण सरकार जे करत नाही ते आपण करून दाखवलं की लोकांना सरकार दिसू लागतं, हा त्यामागचा हिशोब नक्कीच होता. पुढे मोफत दवाखाने आले. सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी त्यांनी वस्तीवस्तीत नेली; १९७२मध्ये त्या आजारासाठी राष्ट्रीय कायदा झाला. शाळेतल्या नाश्त्याची सरकारी योजना १९७५मध्ये कायमची झाली. या दोन्हींचं सगळं श्रेय पँथरांना देणं अति होईल, पण सरकारला लाज वाटावी इतपत त्यांनी नक्की केलं.

एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांना हा नाश्ता बंदुकांहून जास्त खुपला. मे १९६९मधल्या अंतर्गत पत्रात त्यांनी पक्षाचा हा कार्यक्रमच सर्वांत परिणामकारक, आणि म्हणून सर्वांत धोकादायक, मानला. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध एफबीआयने मंजूर केलेल्या २९५ गुप्त कारवायांपैकी २३३ एकट्या पँथरांविरुद्ध होत्या, हे पुढे अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने उजेडात आणलं. खोटी पत्रं, खोटी व्यंगचित्रं, पगारी खबरे. एका भावाला दुसऱ्याविरुद्ध उठवायचं हे तंत्र.

त्या तंत्राला खतपाणी मिळालं ते एका खऱ्याखुऱ्या वैचारिक भांडणातून. लॉस एंजेलिसमध्ये रॉन करेंगा यांची 'यूएस' ही संघटना होती. त्यांचं म्हणणं, आधी मन मोकळं व्हायला हवं: आफ्रिकी नावं, आफ्रिकी वेष, स्वाहिली भाषा, आपले सण. पँथर याची टर उडवत. अंगरखा आफ्रिकी घातला म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही. शोषण करणारा काळा असला तरी तो शोषकच. जानेवारी १९६९मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या आवारात या दोन गटांत गोळीबार होऊन बंची कार्टर आणि जॉन हगिन्स हे दोन पँथर मारले गेले. आगीत तेल ओतणारी व्यंगचित्रं एफबीआयच्या टेबलावर तयार होत होती.

मराठी वाचक इथे जरा थबकेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते ओकलंडच्या बिबट्यावरूनच. १९७३च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या त्या चळवळीचा उल्लेख आहे. नावाबरोबर भांडणही आलं म्हणावं, की ते प्रत्येक घरात असतंच? बुद्ध की मार्क्स, जात की वर्ग, या वादात १९७४मध्ये ढाले आणि ढसाळ वेगळे झाले. करेंगा आणि न्यूटन यांच्या वादाशी तो हुबेहूब जुळत नाही, पण चेहरेपट्टी ओळखीची आहे.

पुन्हा अमेरिकेकडे. शिकागोतल्या पँथरांचा नेता फ्रेड हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता. वर्गाचा मुद्दा त्याने सगळ्यात पुढे नेला. पोर्तोरिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' आणि डोंगराळ दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांची 'यंग पेट्रियट्स' यांना त्याने एका मोटेत बांधलं. त्या गोऱ्या पोरांच्या जाकिटांवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा शिवलेला असे, आणि तरी ते पँथरांशेजारी बसून घरभाड्याबद्दल बोलत. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांनी त्याच्या घरात शिरून त्याला अंथरुणातच मारलं. मार्क क्लार्क हा दुसरा पँथरही गेला. पोलिसांच्या नव्वदहून अधिक गोळ्या, पँथरांची फार तर एक. घराचा नकाशा एफबीआयला दिला होता हॅम्प्टनच्याच अंगरक्षकाने, विल्यम ओनीलने. तो पगारी खबऱ्या होता. १९८२मध्ये वारसांना आणि जखमींना साडेअठरा लाख डॉलरची भरपाई मिळाली.

ऑगस्ट १९७०मध्ये ह्युई सुटून आला तो नवा सिद्धान्त घेऊन. अमेरिका आता देश उरला नसून साम्राज्य आहे. तिच्या भांडवलाने इतर राष्ट्रांच्या सीमाही पोकळ केल्या आहेत. तेव्हा राष्ट्रं नाहीत, उरल्या आहेत फक्त वस्त्या, आणि क्रांती करायची ती वस्त्यावस्त्यांनी मिळून. याला त्याने 'इंटरकम्युनलिझम' म्हटलं. जागतिकीकरण हा शब्द रुळण्याआधीची ही मांडणी आज वाचताना चकित व्हायला होतं. त्या वेळच्या श्रोत्यांना ती कळली नाही. सभेला आलेल्यांना वेताच्या खुर्चीतला ह्युई हवा होता, आणि समोर उभा होता बारीक आवाजात तत्त्वज्ञान सांगणारा माणूस.

यापुढचं वेगाने सांगतो, कारण ते वाचायला बरं वाटत नाही. १९७१मध्ये अल्जीरियात परागंदा असलेला पक्षाचाच नेता एल्ड्रिज क्लीव्हर आणि ह्युई यांच्यात फूट पडली, त्यात दोन्हीकडचे कार्यकर्ते मारले गेले. एफबीआयची खोटी पत्रं त्यात होती, पण बंदुकीचे चाप ओढणारे हात पक्षातलेच होते. त्याआधी न्यू हेवनमध्ये अ‍ॅलेक्स रॅकली या तरुणाला खबऱ्या समजून पँथरांनीच हाल करून मारलं होतं. ह्युई कोकेनच्या आहारी गेला, आजूबाजूला खंडणी आणि मारहाण करणारी टोळी जमली, आणि १९७४मध्ये खुनाच्या आरोपाखाली तो क्युबाला पळाला. लुंपेनांबद्दल फॅनननी दिलेल्या इशाऱ्याचा राहिलेला अर्धा भाग असा वसूल झाला. नेतृत्व इलेन ब्राउन यांच्याकडे आलं. तोवर पक्षात बहुसंख्य स्त्रियाच होत्या आणि नाश्ता, दवाखाने, एरिका हगिन्स यांची ओकलंडमधली शाळा, सगळं त्यांच्याच जिवावर चाललं होतं. सीलने १९७३मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवून दुसरा क्रमांक मिळवला होता. शाळा आणि पक्ष, दोन्ही १९८२पर्यंत मिटले. ह्युईने १९८०मध्ये सांताक्रूझ विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली, विषय पँथरांवरचं सरकारी दडपण. ऑगस्ट १९८९मध्ये पश्चिम ओकलंडच्या एका फुटपाथवर अमली पदार्थ विकणाऱ्या एका तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. त्याच मोहल्ल्यात त्याने कधी काळी लोकांना त्यांचे हक्क वाचून दाखवले होते.

आणि लाउन्स? १९७०च्या नोव्हेंबरात तिथे पुन्हा निवडणूक झाली. मतपत्रिकेवर बिबट्या तोवर उरला नव्हता. छोटा पक्ष राज्यातल्या मोठ्या आघाडीत विरून गेला होता. शेरीफच्या पदासाठी उभा होता जॉन ह्यूलेट, पाच वर्षांपूर्वी काउंटीच्या कचेरीत नाव नोंदवायला रांगेत थांबलेला. तो निवडून आला. काउंटीच्या तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या आणि पुढची बावीस वर्षं त्याच्याकडेच राहिल्या.